साडेअकरा इंच

आठला पाच कमी होते आणि अण्णा मागच्या दारापाशी बूट चढवून, कानटोपी ओढून, हातात फूटपट्टी घेऊन उभे होते. मी फोनची वायर ताणून त्यांच्या आणि दाराच्या मध्ये. फोनवर सुहास ओरडत होता.

“लतिका, त्यांना दाराबाहेर पाऊल टाकू देऊ नकोस. वजा चौदा आहे बाहेर! छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यात त्यांच्या, विसरलीस का?”

“मी नाही विसरले. ज्यांच्या बसवल्यात ते विसरलेत.”

“मला सगळं ऐकू येतंय,” अण्णा म्हणाले. “त्याला म्हणावं, आठला चार मिनिटं राहिली.”

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. तो गुरुवार होता. आम्ही तेव्हा ऑस्वेगोजवळ राहायचो, अमेरिकेच्या वरच्या अंगाला, ओंटारिओ नावाच्या त्या अवाढव्य तळ्याच्या काठी. सुहास तिथल्या कागद कारखान्यात इंजिनिअर. बुधवारी संध्याकाळी तो पाळीवर असतानाच बर्फ सुरू झाला, रस्ते बंद झाले आणि तो कारखान्यातच अडकला. घरात मी आणि माझे सासरे.

अण्णा म्हणजे दिनकरराव नलवडे. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान धरणावर बत्तीस वर्षं पाऊस मोजायची नोकरी केलेला माणूस. रोज सकाळी आठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा. एवढंच काम. पण बत्तीस वर्षांत त्यांनी एक सकाळ चुकवली नव्हती. सासूबाई सांगायच्या, लग्नाच्या दिवशीसुद्धा नवरदेव हळदीच्या अंगानं धरणावर जाऊन आला. त्या गेल्यावर सुहासनं अण्णांना हट्टानं इकडे आणलं. पहिले दोन महिने ते पाहुण्याच्या घरी जेवण लांबलेल्या माणसासारखे नुसते बसून असायचे. मग समोरचा म्हातारा वॉल्टर बर्फावर घसरून कंबरेत मोडला आणि अण्णांना पुन्हा नोकरी लागली.

वॉल्टर एकतीस वर्षं हवामान खात्यासाठी बर्फ मोजत होता, फुकट, हौसेनं. अंगणात एक पांढरी फळी ठेवायची. चोवीस तासांत तिच्यावर किती पडला ते रोज सकाळी मोजायचं, फळी पुसायची आणि नव्या बर्फाच्या वर पुन्हा ठेवायची. खात्याचे लोक तेवढ्यावरून ताडून बघायचे, आपला अंदाज बरोबर आला की चुकला. खाटेवरून वॉल्टरनं ती फळी अण्णांकडे सोपवली. अण्णांचं इंग्रजी बेताचं आणि वॉल्टरला ऐकू कमी. म्हणून अण्णा आकडा एका पांढऱ्या पाटीवर मोठा करून लिहायचे आणि आमच्या पुढच्या खिडकीत उभी करायचे. समोरच्या खिडकीतून वॉल्टर दुर्बीण लावून वाचायचा, हात वर करायचा आणि खात्याला फोन फिरवायचा. दोन म्हाताऱ्यांचा तो संसार बघून मला हसू यायचं.

“मी मोजते,” मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमान चालवते म्हणाले होते.

“तू?”

“मग काय झालं? पट्टी लावायची आणि वाचायचं. तुम्ही घरात बसायचं, मी मोजायचं. कबूल?”

फोनवर सुहासचा जीव भांड्यात पडला. “कबूल म्हणा अण्णा. ती नीट मोजेल.”

अण्णांनी फूटपट्टी माझ्या हातात दिली. “तीन ठिकाणी लावायची. तिन्हीची सरासरी. अंदाज करायचा न्हाई. मग फळी पूस आणि वर ठेव.”

मी गेले. घोट्याच्या वर बर्फ होता, दार ते फळी पंचवीस पावलं. अण्णा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हातवारे करून मला डावी-उजवी दाखवत होते. नऊ इंच निघाला. आत आले तेव्हा नाक माझंच आहे का हे चाचपून बघावं लागलं. अण्णांनी त्यांची ती साताऱ्याहून आणलेली लाल पुठ्ठ्याची वही उघडली. तारीख, वेळ, इंच, मिलिमीटर, वारा, आणि शेवटचा रकाना : मोजणार. आजवर त्या रकान्यात ‘दि. नलवडे’ एवढंच होतं. त्या दिवशी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सौ. लतिका’.

“माझं नाव कशाला? आपल्याच अंगणात तर मोजलंय.”

“ज्यानं मोजलं त्याचंच नाव. आम्ही धरणावर तिघं होतो, तीन मापकांवर. एका श्रावणात त्यातल्या एकानं घरात बसून आकडा ठोकला. पकडला गेला. नुकसान काय झालं न्हाई, पण साहेबानं त्याचे मागच्या चार वर्षांचे आकडे लाल शाईनं खोडले. म्हणाला, एक खोटा निघाला, आता खरा कुठला ते कोण सांगणार?”

“एवढंसं तर होतं.”

“एवढंसंच होतं,” अण्णा म्हणाले आणि वही मिटली.

मग चहा पिता पिता मला समजावत बसले, की हा तळ्याचा बर्फ वेगळा. थंडी कॅनडातली, पण तळं अजून कोमट. आधणावरनं वारं गेलं की जशी वाफ पुढच्या भिंतीला लागते तसं. “म्हणून पट्ट्यात पडतो. आपल्याकडच्या वळवागत. बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं. बारा मैलांवर आत्ता ऊन असंल बघ.” आणि रेडिओ खरंच तसं सांगत होता. मला ते दोन दिवस त्यांच्याशी जेवढं बोलायला मिळालं तेवढं त्याआधीच्या आठ वर्षांत मिळालं नव्हतं. ते मला आवडायचे, हे मला तेव्हाच कळलं.

शुक्रवारी सकाळी अण्णांच्या अंगात कणकण होती. पुढच्या खोलीत पांघरूण घेऊन पडून होते. माझी रात्र धड झाली नव्हती. हीटरचं धुराडं बर्फानं बुजू नये म्हणून दोनदा उठून झटकून आले होते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच बाहेरून बर्फानं लिंपलेली. पावणेआठला रेडिओवर हवामान लागलं. बर्फाचा पट्टा दुपारपर्यंत उत्तरेकडे सरकेल. शनिवारी स्वच्छ. रविवारपासून हळूहळू उबारा वाढेल, मंगळवारी पारा शून्याच्या वर जाईल आणि आठवडाअखेर बर्फ वितळेल.

आतून अण्णांचा आवाज आला. “लतिका, आठ वाजत आले.”

“निघाले, अण्णा.”

मी बूट घातले, कोट घातला, दार उघडलं. पायरीखाली वाऱ्यानं बर्फाचा ढीग घातला होता, माझ्या मांडीपर्यंत. पलीकडे फळी दिसतच नव्हती, तिच्या जागेची खूण म्हणून रोवलेली काठी तेवढी हलत होती. वारा तोंडावर सुया मारत होता. मी एक पाय टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. मी तो काढून घेतला.

काय करते आहे ते मला नीट ठाऊक होतं. झोपेत नव्हते, कुणी भुलवलं नव्हतं. मी मनाशी म्हणाले, मंगळवारपासून या सगळ्याचं पाणी होणार आहे. बारा काय आणि अठरा काय! कुंपणाच्या खांबाकडे बघून मी अठरा ठरवला. मग दार लोटून पायरीवरच चार मिनिटं उभी राहिले, एका माणसाला जाऊन यायला जेवढा वेळ लागेल तेवढा. मूठभर बर्फ उचलून बुटांवर चोळला, खांद्यांवर टाकला. आणि धापा टाकत आत आले. धापासुद्धा टाकल्या मी.

“किती?” अण्णा उशीला टेकून बसले होते. वही मांडीवर, चष्मा नाकावर.

“अठरा.”

“तिन्ही ठिकाणी?”

“सतरा, अठरा, एकोणीस.”

“वारं?”

“कालचंच. वायव्येचं.”

“फळी पुसलीस?”

“हो अण्णा, पुसून वर ठेवली.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बुटांकडे. बर्फ बुटांवर आणि एका नडगीला होता. दुसरीला एक कण नव्हता, मांड्यांवर पँट कोरडी ठणठणीत. हे मला नंतर सुचलं. त्यांना तेव्हाच दिसलं असणार. पावसाच्या पाण्यात अर्धा मिलिमीटर ओळखणारा माणूस तो.

“बरं,” ते म्हणाले. पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. “दमलीस. जरा पड जा. मी हाय ठीक.”

मी स्वयंपाकघराशेजारच्या कोचावर आडवी झाले. मनाला थोडं लागलं होतं, नाही असं नाही. पण झोप त्याहून मोठी होती.

जाग आली ती पायांना गार वारा लागला म्हणून. घड्याळात साडेनऊ होऊन गेले होते. मागचं दार पुरतं लागलेलं नव्हतं. दाराजवळच्या स्टुलावर अण्णा बसले होते, अंगात कोट, एका पायात बूट, दुसरा काढून ठेवलेला. कमरेपर्यंत भिजलेले. चेहरा घामानं डबडबलेला आणि राखेच्या रंगाचा. मांडीवर वही.

“अण्णा! बाहेर गेला होतात?”

“वारं बघायला,” ते म्हणाले. “जरा वारं बघून आलो.”

मी त्यांच्या जिभेखाली गोळी सरकवली, रुग्णवाहिकेला फोन लावला. बाई म्हणाली, निघतायत, पण बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग यावं लागेल, वेळ लागणार. किती? सांगता येत नाही. फोन धरूनच मी पुढच्या खोलीत डोकावले, ब्लँकेट ओढायला. खिडकीत पाटी उभी होती. वॉल्टरकडे तोंड करून, जरा तिरकी, त्यामुळे काचेत पडलेली उलटी अक्षरं इकडूनही दिसत होती. साडेअकरा.

ब्लँकेट घेऊन त्यांच्यापाशी आले, पायांशी बसले आणि तो राहिलेला बूट काढू लागले. नाडी बर्फानं गोठली होती, सुटेना.

“अण्णा, मी सकाळी...”

“चहा टाक,” ते म्हणाले.

“अण्णा, ऐका ना. मी गेलेच...”

“आलं घाल थोडं. घशाला बरं वाटंल.” त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, जड, ओला. “फळी पुसून ठिवलीय. उद्या आठला. लवकर न्हाई, उशिरा न्हाई.”

“हो अण्णा.”

मी उठले आणि चहा टाकला. आलं किसलं. त्यांच्याकडे पाठ करून उभी होते आणि रडत होते, ते त्यांना दिसू नये म्हणून. मागून एकदा जोरात श्वास घेतल्याचा आवाज आला. मी वळले तेव्हा त्यांचं डोकं भिंतीला टेकलं होतं आणि वही खाली पडली होती. मी छाती दाबली, फोनवरची बाई सांगत होती तशी, मोजत, एक दोन तीन चार. चहा उतू गेला, गॅस विझला. गाडी आली तेव्हा साडेदहा वाजले होते. गाडीतल्या लोकांनी मला हळूच बाजूला केलं. बाहेर बर्फ थांबला होता, ऊन पडलं होतं.

सुहास तिसऱ्या प्रहरी पोचला. तोवर त्यांना नेलं होतं. तो स्वयंपाकघरात आला, त्यानं ते ओलं स्टूल बघितलं, तो एक बूट बघितला, आणि जमिनीवरची वही उचलली. मी तिला हात लावला नव्हता, माझं धाडस नव्हतं. त्यानं शेवटचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

“शुक्रवार. वेळ आठ. साडेअकरा इंच. दोनशे ब्याण्णव मिलिमीटर. वारा पश्चिमेचा. मोजणार, सौ. लतिका.”

अक्षर थोडं हललं होतं, पण सुवाच्य होतं.

“तू मोजून आली होतीस,” सुहास म्हणाला. “मग अण्णा कशाला गेले बाहेर?”

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून अण्णांचंच वाक्य बाहेर पडलं. “वारं बघायला.”

“त्यांचा हट्ट,” तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. “तू तरी काय करणार, लतिका. तू तर तेवढ्या बर्फात जाऊन मोजूनही आलीस त्यांच्यासाठी.”

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो आकडा, त्याच्यापुढचं माझं नाव, सगळं अण्णांनी मला झाकायला लिहिलं होतं. आकडा खरा ठेवला आणि नाव खोटं घातलं. बत्तीस वर्षं आणि वर एक हिवाळा, त्यात त्यांनी लिहिलेली ती एकच खोटी नोंद असेल.

शनिवारी आठला कुणी मोजलं नाही. रविवारी दहन झालं. संध्याकाळी वॉल्टर चाकाच्या खुर्चीतून आला, टोपी काढून बसला, मी मोजल्याचं सुहासकडून ऐकलं आणि मला म्हणाला, “दोन मैलांवर माझ्यासारखाच एक जण मोजतो. त्याचा शुक्रवारचा आकडा सव्वाअकरा. तुमचा बरोबर होता. छान मोजलंत.”

रेडिओनं सांगितल्याप्रमाणे रविवारपासून उबारा वाढत गेला. पागोळ्या ठिबकू लागल्या, बर्फ बसू लागला. आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असते आणि मला नव्हती. पाय पडतो तिथला बर्फ दाबला जातो, घट्ट होतो. आजूबाजूचा भुसभुशीत बर्फ आधी वितळतो आणि दाबलेला मागे राहतो. जिथं खड्डे होते तिथं उंचवटे उभे राहतात. सोमवारी दुपारी दारापासून फळीपर्यंत अण्णांची पावलं वर आली. मोठी, एका पायानं जरा फेंगडी, जाताना सरळ, येताना वेडीवाकडी. दोन ठिकाणी हाताचे पंजेही होते, बसले असतील तिथं.

सुहास खिडकीत उभा राहून बघायचा. मी त्याच्या मागं उभी राहून त्याला बघायची. चोरासारखी मी आकाशाकडे डोळे लावून बसले होते, की एकदम ऊन पडावं आणि सगळं एका दिवसात वाहून जावं. पण उबारा हळूहळूच यायचा होता.

बुधवारी खालचा थर उघडा पडला आणि माझी पावलं वर आली. लहान, जवळजवळ टाकलेली, गुरुवारची. जाऊन एक ओळ, येऊन एक ओळ. सुहासनं मला हाक मारली. त्याच्या हातात लाल वही होती.

“ये इथं,” तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “खालची ही तुझी, गुरुवारची. वरची ही अण्णांची, शुक्रवारची.”

मी त्याच्या बोटामागं बघत राहिले.

“तुझी शुक्रवारची दाखव.”

मी सगळं सांगितलं. पायरी, बुटांवर चोळलेला बर्फ, सतरा अठरा एकोणीस. उभ्या उभ्या सांगितलं, मध्ये थांबले नाही, रडलेही नाही, कारण रडायचा हक्क मला वाटत नव्हता. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ओरडला असता, हात उगारला असता, घर सोडून गेला असता तरी मी म्हटलं असतं, बरोबर आहे. त्यानं वही मिटली, कपाटात वर ठेवली आणि बाहेर जाऊन ती फळी आत आणली. त्या उंचवट्यांवर पाय पडू न देता, कडेकडेनं चालत गेला.

त्यानंतर आम्ही दोघांनी त्या दिवसाबद्दल एक शब्द काढलेला नाही. सुहास चांगला नवरा आहे, कुणालाही विचारा. माझ्या दुखण्याखुपण्यात रात्र रात्र जागलाय. आता पुण्यात राहतो आम्ही, बर्फाचं नावही नाही.

फक्त रोज झोपायच्या आधी तो विचारतो, “गॅस बंद केलास?”

“हो,” मी म्हणते.

“दार लावलंस?”

“हो.”

मग तो उठतो आणि जाऊन बघून येतो.